मदत हवी आहे: तालमीच्या वर्गणीतून फॉगिंग मशीन घ्यावं का?

पेठेतला_गडी
मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात पंचगंगेच्या अंगाला राहतो. गणपती झाले, वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक आहेत आणि तालमीच्या पोरांच्या डोक्यात फॉगिंग मशीन बसलंय. कारण डेंग्यू. पूर्वी हे दुखणं श्रावण-भाद्रपदात येऊन जायचं. आता दिवाळीचा फराळ संपला तरी गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या प्लेटलेट मोजणं चालूच असतं.

२०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं (धोका पातळी ४३). तेव्हापासून पूर म्हटलं की मागोमाग साथ येणार हे आम्ही धरूनच चालतो. डॉक्टर म्हणतात, हवामान बदललंय. बदललं असेल, पण त्यावर तालमीनं काय करायचं? एक काका म्हणतात, गटारं तुंबलीत म्हणून डेंग्यू, बाकी सगळं थोतांड. मशीन घेऊ का? नको असेल तर पैसे कशात घालू? जाणकारांनी सांगा, रविवारी बैठक आहे.

जुना_हिवतापवाला
मशीन घेऊ नका. नोकरीभर हेच काम केलंय म्हणून ठामपणे सांगतो. धुरानं उडते डास मरतात, तेही धूर लागला तर. डेंग्यूचा डास घरात पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागं बसतो आणि चावतो दिवसा. तुम्ही संध्याकाळी रस्त्यानं धूर काढत जाणार, लोक दारं लावून घेणार. अळ्यांना तर धुराचं काहीच नाही. आठवड्यात नवे डास हजर.

काकांना सांगा, गटारातला डास वेगळा. तो हत्तीरोगाचा. डेंग्यूवाल्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. घरातलं निळं बॅरल उघडा आणि आत बॅटरी मारा. अळ्या डोकं खाली करून लोंबकळताना दिसतील, बॅरलला धक्का दिला की वळवळत तळाला जातील. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, कडेला, खसखशीहून बारीक काळे ठिपके असतात, ती अंडी. कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणून बॅरल नुसतं ओतून भागत नाही, आतून काथ्यानं घासावं लागतं. आठवड्यातून एकदा, कारण अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात.

आता हवामान. ते थोतांड नाही. रक्त प्यायल्यावर विषाणू डासाच्या पोटातून लाळेत उतरायला २५ ते २८ अंशांत साधारण ८ ते १२ दिवस जातात. ऊब वाढली की हे दिवस कमी होतात. मादी जगते दोन-तीन आठवडे, त्यातले तीन-चार दिवस वाचले तर तेवढी जास्त माणसं चावून होतात. थंडी उशिरा आली की तुमचा दिवाळीनंतरचा डेंग्यू.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या सोफिया याकूब आणि रॉक्सी कोल यांचा पुण्यातल्या डेंग्यूवरचा अभ्यास २०२५ मध्ये आलाय. सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, पाऊस मध्यम पण सारखा, आर्द्रता ६० ते ७८ टक्के, अशात डेंग्यू वाढतो. उलट आठवड्यात १५० मिमीपेक्षा जास्त कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि रोग घटतो.

पेठेतला_गडी
मग पुरानंतर आमच्याकडं वाढतो कसा?

जुना_हिवतापवाला
पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली की नळ बंद. मग टँकर, आणि टँकर आला की घरातलं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं. नळ सुरू झाले तरी धास्तीनं बॅरलं भरलेलीच राहतात. पूर अळ्या धुऊन नेतो, आपण त्यांना घरात जागा करून देतो. पाऊस तुमच्या हातात नाही, झाकण आहे. मशीनच्या पैशात घट्ट झाकणं आणि बॅरलवर बांधायची जाळी घ्या.

वैद्यकीय_पोरगी
हिवतापवाल्या काकांशी सहमत. एक भर घालते, कारण तालीम म्हटलं की पुरात पहिली उतरणार तीच पोरं. आखाड्यात गुडघे-कोपरं खरचटलेली, तशीच कमरेएवढ्या पाण्यात. उंदरांचं आणि जनावरांचं मूत त्या पाण्यात असतं, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे येणारा ताप) त्या खरचट्यातूनच शिरतो. गमबूट आणि हातमोजे या फंडातूनच घ्या. पाण्यात उतरायची वेळ आली तर डॉक्टरांना विचारून डॉक्सीसायक्लिन घ्यावी, मोठ्यांना आठवड्यातून एकदा २०० मिग्रॅ देतात. गरोदर बायका आणि लहान मुलांना परस्पर देऊ नका. पाण्यात उतरल्यावर महिनाभरात ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल असं काही झालं तर "पुरात उतरलो होतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

आणि ताप कुठलाही असो, मनानं ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको. डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालते.

रंकाळा_फिरस्ता
मशीनबरोबर फोटो झकास येतो हो, झाकणांबरोबर कोण काढणार 😄

पेठेतला_गडी
खरा विषय तोच आहे भावा. बॅनरवर झाकण कसं छापायचं. तरी रविवारी मांडतो. गल्लीत एक जुनी विहीर आहे, कुणी वापरत नाही. तिचं काय करू?

जुना_हिवतापवाला
गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. हिवताप विभागात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा, कळशी घेऊन जा. आणि उन्हात ठेवू नका, वाटेतच मरतात.