'दक्षिणेची मूठ, उत्तरेची लाथ' : या म्हणीत तथ्य किती?

धागाकर्ता : चिनी कुंग फूची चर्चा निघाली की ही म्हण हमखास पुढे येते. तिच्या पाठोपाठ कारणही ठरलेले असते : दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग आणि फुज्यान प्रांतांत नद्या, होड्या आणि चिंचोळ्या गल्ल्या फार, म्हणून तिथल्या शैलींनी उंच लाथा सोडून पाय रोवले आणि सगळा भर हातांवर दिला. मला हे कारण पटत नाही. हुंग गारमध्ये मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर येईपर्यंत बसून रुंद पवित्रा घेतात. विंग चुनमध्ये गुडघे आत वळवून, कोपरे छातीसमोर राखून, बऱ्यापैकी उभ्याने लढतात. चोय ली फुटमध्ये तर कंबरेच्या झटक्यासरशी दोन्ही हात लांबवर फेकतात. तिन्ही शैली पर्ल नदीच्या एकाच मुलखात वाढल्या. मग भूगोलाने नेमके ठरवले काय?

प्रतिसाद १ : आपण अपवादालाच नियम करून बसला आहात. चान हेउंग यांनी १८३६ च्या सुमारास चोय ली फुट उभी केली. तिच्यात उत्तरेकडचे पायकाम मिसळले आहे, हे तिचे अनुयायीच सांगतात. ती बाजूला ठेवा आणि फुज्यानमधील युंगचुनचा श्वेत बगळा किंवा हाक्का या चिनी समाजाची दक्षिणी प्रार्थनाकीटक (मँटिस) शैली पाहा : कोपर बरगडीजवळ, जोर आखूड अंतरात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाताशी हात भिडवून त्याचा अंदाज घेण्याची सवय. ओकिनावाचे गुरू हिगाओन्ना कानऱ्यो फुज्यानमधील फुचौमध्ये शिकून ओकिनावाला परतले, आणि त्यांच्या परंपरेतून आलेल्या गोजू-ऱ्यू कराटेतील सानचिन हा ठरावीक हालचालींचा सराव आजही याच घडणीचे आहे. इतके साम्य योगायोगाने येत नाही.

प्रतिसाद २ : साम्याचे मूळ दक्षिणी शाओलिन मठात आहे. छिंग राजघराण्याच्या फौजांनी तो जाळल्यावर निसटलेल्या भिक्षूंकडूनच या शैली आल्या.

धागाकर्ता : ही कथा इतिहास म्हणून मांडू नये, कारण मठदहनाची हीच गोष्ट तिआनदीहुई या गुप्त संघटनेच्या उत्पत्तिकथेतही सापडते आणि चिनी युद्धकलांचे इतिहासकार तांग हाओ यांनी १९३० च्या दशकातच अशा शाओलिन-कथांची चिरफाड केली होती. प्रतिसाद १ मधील साम्य मात्र मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की ते गुरुपरंपरेतून आणि लढण्याच्या अंतरातून येते, होडीतून नव्हे. विंग चुनमधील साडेसहा मुद्द्यांची काठी, म्हणजे लांब काठीचा सराव, घ्या. ती फिरत्या चिनी ऑपेरा मंडळींच्या तांबड्या होड्यांवरून आली असे परंपरा सांगते. पण आठ फुटांहून लांब असलेली ती काठी हाती येताच तोच साधक अरुंद पवित्रा सोडून हुंग गारसारखा रुंद बसतो. होडीच कारण असती, तर निदान इथे तरी पाय जवळ राहायला हवे होते.

प्रतिसाद १ : उदाहरण चांगले आहे, पण ते आपल्यावरच उलटते. लांब बांबूने होडी रेटणाराही पाय फाकवून, खाली बसूनच जोर लावतो. अरुंद पवित्र्याचे कारण होडीत सापडत नसेल. रुंद पवित्र्याचे सापडते, आणि दक्षिणेत रुंद पवित्र्याच्या शैलीच अधिक आहेत.