‘फार दिवसांचा सोबती नाही’ की ‘या जगात चार दिवसांचा पाहुणा’? : ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’मधील भाकिते मराठीत सांगताना

काडीपेटी

या धाग्यात ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ या वेबकॉमिकमधील बरीच रहस्ये उघड होतील, त्यामुळे ज्यांना ते पुढे वाचायचे आहे त्यांनी कृपया येथेच थांबावे.

रिच बर्ल्यू यांचे हे वेबकॉमिक २००३ पासून चालू आहे आणि त्याचे भाग आता १३०० च्या पुढे गेले आहेत. काड्यांच्या हातापायांची माणसे, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे नियम, आणि आपण त्या नियमांनी बांधलेले आहोत हे पक्के ठाऊक असलेली पात्रे, असा तो सगळा मामला आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून मी ते माझ्या १२ वर्षांच्या भाच्याला रोज रात्री वाचून दाखवतो. म्हणजे डोळ्यांनी इंग्रजी वाचतो आणि तोंडाने मराठी बोलत जातो. लढाया आणि विनोद कसेबसे निभावतात, पण भाकितांपाशी माझी गाडी अडते.

या कथेतला भविष्यवेत्ता हा एक कोबोल्ड, म्हणजे सरड्याच्या जातीचा बुटका प्राणी आहे. तो खोटे बोलत नाही, मात्र विचारणाऱ्याच्या मनात काय होते याची पर्वा न करता फक्त विचारलेल्या शब्दांना उत्तर देतो. बेल्कार हा खुनशी हाफलिंग, म्हणजे ठेंगण्या माणसांच्या जातीतला, त्याला एक यादी ऐकवून विचारतो की, यांपैकी कोणाच्या मृत्यूला मी कारणीभूत ठरेन का? यादीत बेल्कारच्या गटाचा म्होरक्या रॉय, त्याची वैरीण मिको, मिकोचा घोडा, गटातले जादू करणारे पात्र वार्सुव्हियस आणि स्वतः भविष्यवेत्ताही असतो. उत्तर मिळते, ‘हो’. पुढे तो जाब विचारायला परत येतो तेव्हा भविष्यवेत्ता ओढूनताणून कार्यकारणभाव जोडत बसतो, आणि वैतागलेला बेल्कार त्यालाच भोसकून भाकीत खरे करून टाकतो. येथे ‘कारणीभूत’ हा शब्द मला आयता मिळाला, कारण त्याच्या जागी ‘मारीन का’ असे म्हटले असते तर सगळा युक्तिवादच कोसळला असता.

माझी खरी अडचण बेल्कारच्या स्वतःच्या भाकिताची आहे. वर्ष संपण्याआधी तो अखेरचा श्वास घेईल, पुन्हा कधीही घेणार नाही, असे २००८ मधील भागांत सांगितले गेले. त्याच संदर्भात, त्याने पुढच्या वाढदिवसाचा केक चवीने खावा, म्हातारपणासाठी पैसे साठवण्याच्या फंदात पडू नये, आणि या जगात त्याचे फार दिवस उरलेले नाहीत, असेही येते. हे शेवटचे वाक्य मी सहजपणे ‘तो फार दिवसांचा सोबती नाही’ असे सांगून मोकळा झालो. नंतर लक्षात आले की वाचकांचा एक मोठा गट ‘या जगात’ या दोन शब्दांवरच आपला सिद्धान्त उभारून बसला आहे, आणि माझ्या मराठीत ते जग कुठेच नव्हते. भाकिताचे मराठी करताना अर्थ सांभाळावा की त्यातल्या फटी सांभाळाव्यात? आणि वार्सुव्हियसचे काय करावे? ते पात्र स्त्री आहे की पुरुष हे कथेत मुद्दाम उघड केलेले नाही. भाचा रोज विचारतो, ‘मामा, हा काका आहे की मावशी?’

अवग्रह

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण तेथे मराठी व्याकरण आपल्याला समजते तितके शत्रू नाही.

इंग्रजीत लेखकाला केवळ सर्वनामे चुकवावी लागतात, तर मराठीत ‘आला’ की ‘आली’ हे क्रियापदच चुगली करते. आदरार्थी बहुवचनाचा आडोसा घ्यावा, तर ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ तेथेही पाठ सोडत नाहीत. परंतु काही दारे उघडी आहेत. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जाते, त्यामुळे ‘वार्सुव्हियस यांनी मंत्र म्हटला’ यात काहीच फुटत नाही. ‘त्यांनी’ आणि ‘त्यांना’ ही रूपे दोघांनाही चालतात. ‘विचार करत आहे’ निर्धोक आहे, मात्र ‘करत होता’ नाही. प्रत्यक्ष संबोधनात ‘तुम्ही आलात’ हे कोणालाही म्हणता येते. ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ येथे मात्र पाय घसरतो. याचा एक गमतीदार परिणाम असा की, उद्धट बेल्कारला आपल्या मराठीत वार्सुव्हियसशी एक तर अहो-जाहो करावे लागेल, किंवा अरेतुरे करायचे झाल्यास सतत आज्ञार्थात आणि भविष्यकाळात बोलावे लागेल. त्याच्या स्वभावाला आज्ञार्थच अधिक शोभेल. आणि भविष्यकाळ तर पूर्णपणे आपल्या बाजूने आहे, कारण ‘जाईल’, ‘मरेल’, ‘मिळवील’ या रूपांना लिंग नसते. भविष्यवेत्त्याला वार्सुव्हियसबद्दल हवे ते बोलता येईल.

आता वार्सुव्हियस यांच्या भाकितातल्या चार शब्दांकडे येतो. सर्वोच्च जादूई सामर्थ्य आपल्याला कसे मिळेल, असे वार्सुव्हियस यांनी विचारले होते, आणि योग्य चार शब्द, योग्य व्यक्तीला, योग्य वेळी, पण सर्वथा चुकीच्या कारणांसाठी उच्चारल्याने, असे उत्तर मिळाले होते. ते चार शब्द कोणते असतील यावर वाचकांनी किती तर्क लढवले! शेवटी सैतानी त्रिकुटाचा करार स्वीकारताना वार्सुव्हियस यांच्या तोंडून जे अडखळते वाक्य निघाले, त्यात ‘मी’ दोनदा आल्यामुळेच चाराची बेरीज जुळली. मराठीत ते कसे सांगितलेत? ‘मी... मी यशस्वी झालोच पाहिजे’ म्हटले तर एकाच फटक्यात शब्द पाच होतात आणि लिंगही उघड होते. माझा पर्याय असा: ‘मला... मला जिंकायलाच हवे.’ हे चार शब्द आहेत, अडखळणे शाबूत आहे, आणि काका की मावशी हा प्रश्न जागच्या जागी राहतो.

सांजवात

‘जिंकायलाच हवे’ मला पटत नाही. त्या क्षणी वार्सुव्हियस यांना कोणाला हरवण्यापेक्षाही आपल्याकडून आता आणखी एक अपयश घडू नये हे हवे आहे, आणि त्या हट्टातच ‘चुकीची कारणे’ दडलेली आहेत. ‘मला... मला जमलेच पाहिजे’ असे म्हणून पाहा. शब्द तेवढेच आहेत, आणि अपयशाने पोळलेले माणूस खरोखर असेच बोलते.

बेल्कारविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. ‘या जगात’ या शब्दांवरचा सिद्धान्त उगवला तो कथेतल्या विश्वाला पडलेल्या फटीच्या पलीकडे आणखी एक जग असल्याचे वार्सुव्हियस यांच्या ब्लॅकविंग या कावळ्याच्या दृष्टीस पडले तेव्हा. बेल्कार मरणार नाही, तो त्या दुसऱ्या जगात जाईल, म्हणून ‘या’ जगात त्याचे दिवस थोडे, असा तो तर्क आहे. दुसरा गट म्हणतो की तो व्हँपायर होईल, कारण या खेळाच्या नियमांप्रमाणे मृतवत् जिवांना श्वास लागत नाही आणि केकही लागत नाही, म्हणजे दोन्ही वाक्ये खरी ठरतात. तिसरा गट ‘पुन्हा कधीही नाही’ यावर बोट ठेवतो. ज्या जगात पुजारी हिरे खर्चून मेलेल्याला उठवतात, तेथे ‘अखेरचा श्वास’ एवढेच म्हणणे पुरेसे नसते. परंतु त्या फटींमागे कोंडलेल्या, देवांनाही मारणाऱ्या स्नार्ल या राक्षसाच्या तावडीत सापडलेल्याचा आत्माच उरत नाही, त्याला कोणताही देव परत आणू शकत नाही. जुन्या वीरांपैकी सून याची पत्नी मिजुंग आणि त्याचा सहकारी क्रागोर यांचे तेच झाले.

मला ही सगळी वाक्ये एकत्र ठेवून वाचावीशी वाटतात. हिरण्यकशिपूने वर मागताना घर-अंगण, दिवस-रात्र, माणूस-पशू अशी एकेक फट आपल्या हाताने बुजवली आणि तरी उंबरठा राहून गेला. येथे उलट आहे. मरणाऱ्याने नव्हे, तर भाकीत सांगणाऱ्याने फटी बुजवल्या आहेत. ‘या जगात’ म्हटल्याने दुसऱ्या जगाची आशा उगवते, पण तेथेही श्वास घ्यावाच लागेल, म्हणून ‘पुन्हा कधीही नाही’ तिला खुडून टाकते. व्हँपायरचे दार तेवढे किलकिले राहते, आणि ते लेखक पुन्हा उघडेल असे मला वाटत नाही, कारण गटातल्या डर्कोन या पुजाऱ्याच्या निमित्ताने ते एकदा वापरून झाले आहे. बेल्कार मरणार, आणि नेमका अशा वेळी मरणार की जेव्हा आपण त्याच्यासाठी रडू. सुधारल्याचे नुसते सोंग कर, असा सल्ला त्याला मरण पावलेल्या शोजो या नगराधिपतीने तापातल्या भ्रमात दिला होता, आणि ते सोंग आता सोंग उरलेले नाही. शोजोच्या मागे राहिलेल्या मांजराला तो ज्या मायेने जपतो ते एकदा पाहा.

तेव्हा भाषांतरात फटी सांभाळाव्यात हे खरे, पण बुजवलेल्या फटीही तितक्याच काळजीने बुजलेल्या राहायला हव्यात. ‘अखेरचा श्वास घेईल’ हे आपण वृत्तपत्रांतील निधनवार्तांत इतके वाचतो की त्यातला श्वास कोणाला ऐकूच येत नाही. तो भाच्याला ऐकू आला पाहिजे, म्हणून ‘त्यानंतर पुन्हा कधीही श्वास घेणार नाही’ हा तुकडा गाळू नका.

खडूस हाफलिंग

सर्वांनी ‘वर्ष संपण्याआधी’ हे शब्द सोडून दिले याचे नवल वाटते. ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ हे ऐकत वाढलेल्या माणसाने मुदतीच्या भाकिताकडे दुर्लक्ष करू नये. कथेतले एक वर्ष आपल्या इतक्या वर्षांना पुरून उरले आहे, आणि सूर्य झाकण्याची वेळ लेखकाच्या हाती आहे.

दुसरे असे की, डर्कोनच्या भाकिताचे काय केलेत? मी मायदेशी कसा परतेन, असे तो विचारतो आणि उत्तर मिळते, ‘मरणोत्तर’. आपल्या माणसांच्या शेजारी पुरले जाऊ, या कल्पनेने तो बिचारा सुखावतो. माझ्या ओळखीच्या एका रसिकाने याचे ‘त्याचे पार्थिव येईल’ असे मराठी केले होते. ऐकायला छान, पण पार्थिव स्वतःच्या पायांनी चालत येत नाही, आणि व्हँपायर झालेला डर्कोन चालतच येतो, तोही आत भलताच आत्मा घेऊन. ‘मरणोत्तर’ हा पदके जाहीर करतानाचा कोरडा सरकारी शब्दच येथे बिनचूक आहे. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा ज्या भाषेत १७७३ पासून सांगितली जाते, तिच्यात एवढी खबरदारी परवडते.

काडीपेटी

तिघांचेही आभार. ‘मरणोत्तर’ मी योगायोगाने तसेच ठेवले होते. त्याचे श्रेय घेत नाही.

‘जिंकायलाच’ आणि ‘जमलेच’ ही दोन्ही वाक्ये भाच्याला ऐकवली. त्याने बोटांवर शब्द मोजले आणि ‘जमलेच’ निवडले. कारण विचारले तर म्हणाला की, गणिताच्या पेपरच्या आधी तो स्वतः मनात असेच म्हणतो. वार्सुव्हियस यांच्यासाठी ‘त्यांनी’ आणि ‘तुम्ही’ यांच्यावर दोन रात्री निभावल्या. तिसऱ्या रात्री ‘वार्सुव्हियस दमले’ असे तोंडून गेले आणि भाच्याने ‘म्हणजे काका!’ म्हणून जाहीर केले. मग ते दमलेले पात्र होते, आणि पात्र नपुंसकलिंगी असते, अशी सारवासारव करावी लागली. यापुढे त्यांना थकवा येईल, दम लागेल, झोप अनावर होईल. पण ते दमणार नाहीत.

बेल्कारसाठी मी शीर्षकातला दुसरा पर्याय वापरून पाहिला: ‘या जगात तो चार दिवसांचा पाहुणा आहे.’ जग परत आले, वाक्प्रचारही आपला राहिला, म्हणून मी खूश होतो. पण ज्या कथेत प्रत्येक शब्द अक्षरशः खरा ठरतो, तिच्यात असे बोलल्यावर जे व्हायचे तेच झाले. भाच्याने वहीत चार रेघा ओढल्या आणि कथेतला एकेक दिवस उलटला की तो एक रेघ खोडू लागला. पाचव्या दिवशीही बेल्कार धडधाकट असल्याचे पाहून त्याने भविष्यवेत्त्याला खोटारडे ठरवले. काल रात्री मला दुरुस्ती जाहीर करावी लागली: ‘या जगात तो आता फार दिवसांचा पाहुणा नाही.’ त्यावर त्याने विचारले, ‘फार म्हणजे किती?’