‘तेल पिते? मग इंजिनच बदला’ हा सल्ला आधी थांबवा

गोटीपाना
परवा इथे फोरमवर एकाने विचारलं, “जुनी गाडी हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल पिते, चढाला दम लागतो, काय करू?” लगेच उत्तर आलं: “वापरलेलं इंजिन आणून बसव, दोन दिवसांत मोकळा.” धूर कधी दिसतो, एवढंही कुणी विचारलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना निळा धूर येत असेल तर आधी व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून तेल आत जाऊ न देणारं रबर) बघा. बऱ्याच इंजिनांत त्यासाठी हेडही (सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवावं लागत नाही. पिस्टन वर आणायचा, प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा द्यायची म्हणजे व्हॉल्व्ह आत पडत नाही, मग स्प्रिंग काढून सील बदलायचं. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत ओढून घेणारा) तुंबला तरी तेल जातं, तोही काढून बघा. जोर देताना सतत धूर असेल तरच पिस्टनच्या रिंगांचा संशय.

आणि संशय म्हणजे निकाल नव्हे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. पेट्रोल इंजिनला साधारण १० ते १३ बार येतात, पण खरं बघायचं ते सिलिंडरांमधला फरक. तो १५ टक्क्यांच्या वर गेला की गडबड. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. दाब चढला तर दोष रिंग-बोअरचा (बोअर म्हणजे पिस्टन चालतो ती नळी). तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेडच्या दुखण्यासाठी अख्खं इंजिन बदलणं ही नासाडी आहे.

हाफइंजिन
मोजमाप मान्य. पण रिंग गेल्याचं ठरल्यावर पुढे काय? तुम्ही म्हणणार, बांधून घ्या. बांधणी किती जणांना नीट जमते? बोअर मोठं करायचं, होनिंगच्या (दगडाने बोअर घासण्याच्या) रेषा बरोबर कोनात आणायच्या, क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करून त्याला बसणारी ०.२५ मिमी अंडरसाइझ बेअरिंग घालायची. ८० मिमी बोअरला रिंगच्या टोकांत साधारण ०.३ मिमी फट लागते. ती न मोजता रिंग चढवली आणि फट कमी पडली, तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि नवं बोअर ओरबाडलं जातं. होनिंगनंतर ब्लॉक नुसत्या रॉकेलने पुसला तर दगडाची पूड रेषांतच राहते; गरम साबणाच्या पाण्याने, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत धुवावा लागतो. यातली एक पायरी चुकली की बांधलेलं इंजिन जुन्यापेक्षा आधी जातं. कारखान्यात एकदाच जुळलेलं, चांगल्या अवस्थेतलं वापरलेलं इंजिन त्यापेक्षा भरवशाचं.

तेलतवंग
दोघेही घाई करताय. पातळ ५डब्ल्यू-३० तेल काढा, जाड २०डब्ल्यू-५० भरा. तेल पिणं कमी होतं, आवाज कमी होतो, प्रेशर वाढतं. गाडी आणखी दोन वर्षं चालते.

गोटीपाना
हा सल्ला वाचला की डोकं फिरतं! प्रेशर वाढतं कारण तेलाला वाहायला अडथळा होतो. गेजचा काटा वर गेला म्हणजे बेअरिंगला तेल जास्त पोचलं असं नाही. थंड इंजिनात जाड तेलाने रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) उघडतो आणि पंपाचं बरंचसं तेल तळाच्या ऑइल चेंबरमध्येच परत जातं. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचे (व्हीव्हीटी, व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) सोलेनॉइड, बारीक जाळ्या, टायमिंग चेनचा हायड्रॉलिक टेन्शनर, हे सगळं ठरलेल्या तेलावर बेतलेलं असतं. सकाळी चेनचा खडखडाट वाढतो तो यामुळे.

तेलतवंग
सगळ्या गाड्यांना टर्बो आणि व्हीव्हीटी नसतात. जुन्या, साध्या इंजिनांच्या कित्येक मॅन्युअलमध्ये हवामानानुसार तीन-चार ग्रेड दिलेले असतात आणि त्यात २०डब्ल्यू-५० असतं. १०० अंशांना ३० ग्रेडचं तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (तेलाच्या जाडीचं एकक), ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. झिजलेल्या बेअरिंगमध्ये फट वाढलेली असते, तिथे जाड थर टिकतो. हे पुस्तकातलंच शास्त्र आहे. “डोकं फिरतं” म्हणण्याआधी इंजिन कोणतं ते विचारा. तुम्हीच वर म्हणालात ना, निदान आधी?

गोटीपाना
मॅन्युअलमध्ये तो ग्रेड छापलेला असेल तर माझी हरकत नाही. एवढं मागे घेतो. पण आतून टकटक येतेय म्हणून जाड तेल घालणाऱ्यांना माझा विरोध कायम आहे. बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) वाजत असेल तर तेलाने आवाज दबतो, झीज चालूच राहते, आणि शेवटी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग बांधायलाही काही उरत नाही. आज ज्या क्रँकला ०.२५ ग्राइंडवर भागलं असतं, तो भंगारात जातो.

तेलतवंग
टकटक असताना जाड तेल घाला असं मी कुठे लिहिलं? तेल पिण्याबद्दल बोललो. शब्द तोंडात घालू नका.

हाफइंजिन
तेलावरून भांडण पुरे, मूळ प्रश्न इंजिनाचा आहे. वापरलेलं घेताना काय बघायचं ते लिहितो. क्रँकच्या बोल्टला गोटी (सॉकेट पाना) लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे अडकतंय का बघा. टॅपेट कव्हर उघडा: हलका तपकिरी थर चालतो, काळी साय नको. ऑइल चेंबर काढा. तळाशी चमकता चुरा दिसला तर तिथूनच परत फिरा. स्टार्टर लावून जमिनीवरच कॉम्प्रेशन घेता येतं, तेही घ्या. इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकची पुढची-मागची सील, इंजिन फाउंडेशन (इंजिन टेकतं ते रबरी माउंट) आणि क्लचचा संच बदलून टाका. मागच्या सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे सगळं काम दुसऱ्यांदा.

गोटीपाना
यादी चांगली आहे, पण सगळ्यात जास्त फसतं तेच राहिलं: वायरिंग. इंजिन कोड तोच असला तरी वर्षानुसार क्रँक सेन्सरच्या चक्राचे दात वेगळे असू शकतात. ईसीयूला (इंजिनाचा संगणक) ६० वजा २ दातांची (साठातले दोन गाळलेले) सवय असेल आणि चक्र ३६ वजा १ चं असेल, तर स्टार्टर फिरतो, इंजिन पेटत नाही. इमोबिलायझरचं (खरी किल्ली नसेल तर गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा) नातं ईसीयूशी असतं. म्हणून आपल्या गाडीचा ईसीयू, हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि सेन्सर ठेवायचे, नव्या ब्लॉकवर तेच चढवायचे. दातांचं चक्र वेगळं निघालं आणि बदलता येत असेल तर तेही आपलंच.

जुनं इंजिन बेअरिंग फुटून गेलं असेल तर ऑइल कूलर नवाच लावा. त्याच्या बारीक नळ्यांतला चुरा धुऊन पूर्ण निघत नाही आणि तोच नव्या इंजिनात उतरतो. अशी बदललेली इंजिनं पुन्हा निकामी होतात, आणि खापर फुटतं “वापरलेल्या इंजिनावर”.

हाफइंजिन
कूलरचं बरोबर आहे, माझ्या यादीत हवं होतं. ऑटोमॅटिकवाल्यांसाठी एक जोडतो: टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसला नसताना बोल्ट आवळून इंजिन ओढलं की पंप तुटतो. इंजिन आणि गिअरबॉक्स हाताने टेकले पाहिजेत, आणि टेकल्यावरही कन्व्हर्टर हाताने फिरून फ्लेक्स प्लेटपासून (इंजिनाच्या बाजूची पातळ चकती) थोडा मागे सरकला पाहिजे. सरकत नसेल तर परत उघडा.

काळापट्टा
तिघांनाही विचारतो: खालून गंज कुणी बघणार आहे का? सबफ्रेमचे (इंजिन-सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) माउंट, जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शनच्या वरच्या बैठका. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला आणि आत गेला, तर कोणतंही इंजिन बसवू नका. गिअरबॉक्सचा दुसरा गिअर करकरत असेल तर तोही खर्च याच हिशेबात धरा. आणि गाडीच्या कागदांवर इंजिन नंबर असेल तर बदलाची नोंद करून घ्या, नाहीतर विकताना गाडी अडकते.

गोटीपाना
गंज मी सुरुवातीलाच लिहायला हवा होता. ज्याने विचारलं होतं त्याने आधी खालून टोचून बघावं, मग चार सिलिंडरचे आकडे कोरडे आणि तेल घालून असे दोन्ही इथे टाकावेत. इंजिन कोडही द्यावा, म्हणजे तेलाचा वादही त्यावर तपासता येईल.

तेलतवंग
आणि आत्ता कोणतं तेल आहे तेही लिहावं.