‘शिकवणं एचआरचं काम’ हे मला मान्य नाही

बी_शिफ्ट: काल इथे एकाने लिहिलं, ‘मॅनेजरने आउटपुट काढावं, शिकवायला एचआर आहे. ७०-२०-१० प्रमाणे माणूस ७० टक्के कामातूनच शिकतो, २० टक्के इतरांकडून आणि १० टक्के वर्गात.’ ते आकडे १९८० च्या दशकात यशस्वी अधिकाऱ्यांना ‘तुम्ही कशातून शिकलात’ असं विचारून काढलेत. ऑपरेटरला मशीनवर सोडलं की तो शिकतो, असं त्यातून निघत नाही.

गोळ्यांच्या पट्ट्या पॅक करणारं ब्लिस्टर मशीन घ्या. माल मागे पडला की नवा माणूस स्पीड वाढवतो. सीलिंगला वेळ कमी मिळतो, फॉइल नीट चिकटत नाही, लीक टेस्टला कप्प्यात मिथिलीन ब्लूचा निळा रंग उतरतो. मग तो तापमान वाढवतो. स्पीड पुन्हा उतरला की तीच पट्टी जास्त तापून वाकते. कारण सांगणारं कुणी नसेल, तर अनुभवातून तो फक्त नॉब फिरवायला शिकतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) या कारखान्यांसाठीच्या प्रशिक्षण कार्यक्रमात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या आखल्या: तयारी, दाखवणं, करून घेणं, पाठपुरावा. तिसरी सगळे अर्ध्यावर सोडतात. एकदा करून घेतलं की झालं, असं नाही. पुन्हा करताना प्रत्येक खुबी आणि तिचं कारण शिकणाऱ्याच्याच तोंडून यायला हवं.

तळोजा_लाइन: तीन लाइन, चाळीस माणसं. मॅनेजर प्रत्येकाशेजारी उभा राहिला तर डिस्पॅच कोण बघणार? हे सुपरवायझरचं काम.

बी_शिफ्ट: आणि सुपरवायझरला कोण शिकवणार? मॅनेजरने तेवढं तरी करावं.

दादरकर: दोघेही मूळ दुखणं सोडून बोलताय. एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी पद्धत, इंग्रजीत आणि खाली ‘वाचले, समजले’ म्हणून सही ऑपरेटरची! ‘ड्वेल टाइम’ म्हणजे सील होताना फॉइल किती वेळ गरम दाबाखाली राहते, हे त्याला मराठीत एका ओळीत सांगता येतं.

तळोजा_लाइन: भिंतीवर मराठी कागद चिकटवून बघा. इंग्रजी एसओपी बदलते, मराठी जुनीच राहते, एका मशीनला दोन स्पीड. ऑडिटरने ते पाहिलं तर उत्तर तुम्ही द्याल?

दादरकर: दोन्ही प्रतींना एकच नंबर द्या, एकाच चेंज कंट्रोलमध्ये, म्हणजे बदलाच्या एकाच मंजुरीत, बदला. यात अशक्य काय आहे?

घणसोली_क्यूए: अर्धी शिफ्ट हिंदी बोलते, त्यांचं काय? सेटिंगचे आकडे आणि चांगल्या-वाईट सीलचे फोटो लावा. कारण तोंडी सांगा, आणि उलट विचारा.

तळोजा_लाइन: फोटोचं मान्य. उलट विचारायचं तर शिफ्ट बदलताना दहा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र हव्यात. ती दहा मिनिटं प्लॅनिंगवाले देणार नाहीत.

बी_शिफ्ट: ती मागून घेणं हेच मॅनेजरचं काम.