‘क्षारपड’ म्हणजे हिंदीतलं ‘क्षारीय’च का? वीस पोती जिप्सम येऊन पडलंय

वाळव्याची_लेक:
आमचा ओढ्याकडचा अर्धा एकर ऊस क्षारपड झालाय. उन्हाळ्यात वर मीठ शिंपडल्यासारखं पांढरं फूल येतं. काकांनी मोबाइलवर एक हिंदी व्हिडिओ बघितला, ‘क्षारीय मिट्टी में जिप्सम डालिए’, आणि दुसऱ्या दिवशी गोठ्याशेजारी वीस पोत्यांची थप्पी! माती परीक्षणाच्या कागदावर मात्र सामू (pH) ८.१ आणि शेरा ‘क्षारयुक्त, निचरा करावा’. जिप्समचं नावही नाही. काका म्हणतात, क्षारीय काय नि क्षारयुक्त काय, एकच की. मी कॉमर्सवाली. पोती फोडायची का?

रसायनवाले_सर:
फोडू नका. शब्द एकच, पण हिंदीत आणि मराठीत त्याचे अर्थ वेगळे झालेत. तीस वर्षं नववी-दहावीला हेच शिकवलं, हिंदी माध्यमातून आलेलं पोर दरवर्षी इथंच अडखळायचं.

मराठी शास्त्रात आम्ल आणि आम्लारी (आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू, काय झकास शब्द आहे!) एकमेकांना भिडले की पाण्यासोबत जे तयार होतं तो क्षार. मीठ, तुरटी, मोरचूद, सगळे क्षारच. पाण्यात विरघळणारी आम्लारी ती अल्क. हिंदीत मिठाच्या या जातीला लवण म्हणतात आणि क्षार म्हणजे आपलं अल्क. त्यामुळे त्यांची ‘लवणीय’ ती आपली क्षारपड, आणि त्यांची ‘क्षारीय’ ती आपली चोपण. व्हिडिओ खोटा नाही, तुमच्या रानाचा नाही.

मुळाकडे गेलं तर हिंदी अर्थ जुना. सुश्रुतसंहितेत क्षार करायची कृतीच आहे: झाडं जाळायची, राख कालवून गाळायची, पाणी आटवायचं. जवाच्या राखेचा तो यवक्षार. गंमत म्हणजे अल्कली हा अरबी शब्दही राखेवरूनच आलाय. पण आपल्या तोंडी त्याच क्षाराचा ‘खार’ झाला आणि दोन्हीकडे गेला. पापडखार अल्कधर्मी, खारं पाणी मिठाचं. आईला विचारून ओल्या हळदीवर चिमूटभर पापडखार टाका, लालभडक होईल. मीठ टाका, पिवळी ती पिवळीच. (ही शब्दाची परीक्षा. माती तपासायला हळद लावत बसू नका.)

आणि जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, स्वतः क्षारच आहे.

चोपणवाला_कराड:
सरांचं बरोबर. आमचं रान चोपण, सामू ९.२. पाणी दिलं की आठ-आठ दिवस वर गढूळ तुंबून राहतं, वाळलं की दगड. मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं, मग तो पाण्याबरोबर खाली जातो. तुमच्याकडं तसं नसावं. मोकळे क्षार गोड्या पाण्यानं धुवायचे, पण पाणी जायला वाट पाहिजे, म्हणून आधी चर काढा किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाका. ओढा खाली आहे, नशीब समजा. फक्त सामूवर जाऊ नका, विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, तपासून घ्या. १५ टक्क्यांच्या वर निघाला तर मात्र जिप्समही लागेल आणि निचराही.

वाळव्याची_लेक:
सोडियम तपासून आणला, ६ टक्के. हळद काकांसमोरच लाल करून दाखवली. बराच वेळ वाटीकडं बघत बसले, मग म्हणाले, “मग त्यानं मराठीत सांगायचं होतं.” चरासाठी जेसीबी सोमवारी येतोय. दुकानदार पोती परत घेत नाही.
कराडकर दादा, तुमच्या चोपणाला अजून जिप्सम लागतंय का? वीस पोती आहेत, एकही फोडलेलं नाही. भाडं निम्मं-निम्मं.

चोपणवाला_कराड:
लागतंय. ट्रॅक्टर घेऊन रविवारी येतो. काकांना सांगा, चहा ठेवा.