पालन न होण्यामागची कारणे

वृद्ध निर्वासित केवळ अज्ञानामुळे कोविड-१९च्या साथीचे नियम पाळत नाहीत, हे मत मला पटत नाही. बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांत, जिथे म्यानमारमधून पळून आलेले साडेआठ लाखांहून अधिक रोहिंग्या निर्वासित बांबू आणि ताडपत्रीच्या खोपटांत राहत होते आणि एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ४०,००० माणसे दाटलेली होती, तिथे आजीने नातवंडांपासून अंतर राखायचे तरी कुठे? पाणी सामायिक, शौचालयही सामायिक, आणि तिथवरची वाट उतारावरची. शिवाय सप्टेंबर २०१९ पासून छावण्यांतील मोबाइल इंटरनेटवर निर्बंध होते, ते ऑगस्ट २०२०च्या अखेरीपर्यंत उठले नाहीत. त्यामुळे मे २०२० मध्ये पहिला रुग्ण आढळला तेव्हा अफवांना रान मोकळे होते. लागण आढळली तर आपल्याला घरच्यांपासून तोडून नेतील, ही भीती छळ सोसून सीमा ओलांडलेल्या म्हाताऱ्या माणसाला वाटणे मला अगदी स्वाभाविक वाटते. अशा वेळी भित्तिपत्रकांपेक्षा, त्यांच्याच बोलीत घरोघरी जाऊन समजावणारे रोहिंग्या स्वयंसेवक अधिक मोलाचे ठरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये लसीकरण सुरू करताना ५५ वर्षांवरील लोकांना प्राधान्य दिले गेले, हे योग्यच झाले. मात्र तोवर पहिल्या रुग्णाला सव्वा वर्ष उलटले होते.