मदत हवी आहे: पुष्करच्या मेळ्यात उंटांचा बाजार नेमका कोणत्या तिथीला गाठावा?

आम्ही पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे २२ विद्यार्थी (९ मुली) आणि २ शिक्षक कार्तिकातल्या पुष्कर मेळ्याला जातोय. पुण्याहून रेल्वेने अजमेर, तिथून नाग पहाड ओलांडून बसने पुष्कर, इथपर्यंत ठरलंय. पुष्करात मेळ्याच्या दिवसांत खोल्या परवडत नाहीत, म्हणून मुक्काम अजमेरला धर्मशाळेत. माणशी ६ हजारांच्या वर जाता येणार नाही.

अडचण तारखांची आहे. एकादशी ते पौर्णिमा हे स्नानाचे दिवस. तेव्हा गर्दी प्रचंड, पण जनावरांचे सौदे त्याआधीच उरकतात आणि राइका (उंट पाळणारा समाज) मंडळी उंट घेऊन परतू लागतात, असं मागे जाऊन आलेल्या सीनियरांनी सांगितलं. आम्हाला खेळ-स्पर्धा नकोत, सौदे बघायचेत. दात बघून वय कसं ठरवतात, खरजेवर काय लावतात, हे पाळणाऱ्यांकडूनच ऐकायचंय. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, २०१९ ला अडीच लाखच उरले. त्यामुळे हे आत्ताच बघायला हवं असं मनापासून वाटतं.

राजस्थान पर्यटनाच्या वेळापत्रकात कार्यक्रम आहेत, बाजाराची माहिती नाही. तिथल्या एका कार्यालयात तीनदा फोन केला, उत्तर मिळालं नाही. सुट्टीमुळे हातात तीनच दिवस आहेत. हिंदी सगळ्यांना येते, मारवाडी कुणालाच नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी गेलं असेल तर सांगा: सप्तमी ते नवमी हे दिवस धरले तर सौदे दिसतील, की आणखी आधी पोचावं? आणि पहाटे अजमेरहून पुष्करला जायला पहिली बस किती वाजता मिळते?